एकाच बटणावर समुद्र

मंडळी, एक गोष्ट सुरुवातीलाच छातीठोकपणे सांगतो. मी शिकवलेलं पोर शिकवलेलं कधी विसरत नाही! सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत गेलं माझं. माझे जुने विद्यार्थी आता टकले झालेत, ढेऱ्या सुटल्यात, पण रस्त्यात मी समोर आलो की आधी हाताची नखं लपवतात. त्यामुळे दातांच्या डॉक्टरांनी जेव्हा मला विचारलं, "सर, जमेल का तुम्हाला?" तेव्हा मी हसलोच.

"समुद्रच ना? घरात आणून दाखवतो!"

झालं होतं असं. डॉक्टरांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, खाऱ्या पाण्याची एक टाकी होती. आत प्रवाळ, शेवाळलेले दगड आणि एक नारिंगी मासा, अंगावर पांढरे पट्टे. तो दिवसभर तोंड उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा. आणि आत दात म्हणून दिसायचा नाही! पोरांनी त्याचं नाव ठेवलं बोळकं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराचा पहिला किडका दात बोळक्याच्या साक्षीने निघालेला. आतून यंत्राचं घुर्रर्र ऐकू यायला लागलं की पोरं टाकीच्या काचेला नाक लावायची आणि बोळकं समोर येऊन बोळकं पसरायचं. निम्मी भीती तिथेच जायची.

आता दवाखान्यात एक्स-रेचं नवं यंत्र येणार आणि टाकीला जागा उरणार नाही, असं कळलं. एका मोठ्या हॉटेलवाल्याने मासा मागितला होता. हे ऐकून माझ्या नातीने ताट सरकवलं. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती बसलेली कोणी पाहिलेली नाही. भिंगरी ताट सरकवते म्हणजे प्रकरण गंभीर!

"हॉटेलात आम्हाला कोण आत सोडणार, आजोबा?" तिने विचारलं. "बोळकं वाट बघत बसेल."

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. हे डॉक्टर फार कमी बोलतात. समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय, त्यामुळे उत्तराची त्यांना अपेक्षाच नसते.

"सर, मासा नुसत्या टाकीत जगत नाही. टाकीमागे यंत्रांची खोली लागते. पंप, हीटर, फेस काढायचं यंत्र. दगड मी आधी देतो. त्या दगडांत बारीक जीव असतात, पाणी शुद्ध ठेवतात. पाणी थांबलं की ते मरतात. आठवडाभर पाणी सलग फिरतं ठेवा. रविवारी येऊन खोली बघेन. पटलं तर मासा तुमचा. नाहीतर हॉटेल."

म्हणजे परीक्षा! आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाला या वयात परीक्षेला बसायला मिळणार! मला तर गुदगुल्याच झाल्या.

आमच्या बैठकीच्या खोलीमागे अडगळीची खोली आहे. मधल्या भिंतीत एक जुनी खिडकी. त्या खिडकीत टाकी बसवायची, म्हणजे बैठकीतून समुद्र दिसेल आणि मागे अडगळीच्या खोलीत सगळी यंत्रं! अशी झकास योजना मी आमच्या हिच्यापुढे मांडली.

"आणि माझ्या गाद्या?" ही म्हणाली.

"पलंगाखाली."

"पलंगाखाली तुमची पुस्तकं आहेत."

"पुस्तकं कपाटावर."

"कपाटावर मोडका पंखा आहे."

"अगं, मोडका पंखा टाकून दे ना!"

"हेच मी गेली कित्येक वर्षं सांगतेय," ही म्हणाली आणि त्या मोडक्या पंख्याच्या मोबदल्यात मला अख्खी खोली मिळाली. इतका स्वस्त सौदा मी आजवर केलेला नाही.

मग काय विचारता! घरात नुसती लगीनघाई. मुलाने खिडकीत बसवायची टाकी आणि तिच्याखाली ठेवायची दुसरी टाकी आणली, सूनबाईने खोली धुऊन पुसून आरशासारखी केली, पाइप आले, पंप आला, मिठाच्या गोण्या आल्या. भिंगरीने गल्लीतली फौज गोळा केली. एक चष्मिश, ज्याचं डोकं कायम कशाच्या तरी आत असतं, आणि दोन जुळे, जे एकमेकांचं वाक्य पुरं करतात आणि पुरं झालं की त्यावरूनच भांडतात.

वायरमन आला. आमच्या वायरमनच्या अंगापेक्षा जिभेत करंट जास्त.

"सर, पंपाला एक बटण, हीटरला एक, फेसवाल्याला एक..."

"छे छे! एकच बटण! दाराशी. पोरांना कळलं पाहिजे. खट्ट! आणि समुद्र सुरू!"

"आणि दिवा?"

"दिवासुद्धा त्याच बटणावर. उजेड झाला, समुद्र जागा झाला! कसं वाटतं?"

"तुम्हाला वाटतंय ना? मग झालं," वायरमन म्हणाला आणि त्याने तसं करून दिलं.

दगड आले, खारं पाणी भरलं. मी पोरांना रांगेत उभं केलं आणि बटण दाबलं. खट्ट! दिवा लागला, पंप घुमायला लागला, पाणी खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढलं, काठावरून पाइपात सांडून परत खाली आलं आणि गोल गोल फिरायला लागलं! मंडळी, मी उडी मारली. गुडघा दुखतो म्हणून रोज मालीश करून घेणारा मी, चक्क उडी मारली! ही बघतच राहिली.

आता यंत्र नुसतं चालून उपयोग नाही, पोरांना ते कळलं पाहिजे. नुसतं सांगितलेलं एका कानातून दुसऱ्या कानात जातं, स्वतः करून बघितलेलं अंगात मुरतं. म्हणून मी प्रत्येकाला एकेक यंत्र बनवलं. भिंगरी पंप. तिने खालचं पाणी वर न्यायचं. चष्मिश फेस काढणारा. साखरेचा पाक उकळताना वर मळी येते ना, तशी पाण्यातली घाण फेसाबरोबर वर येते, ती त्याने गाळायची. एक जुळा हीटर, दुसरा जुळा बटण.

"मी पण हीटर!" बटण रडायला लागलं.

"बटण सगळ्यांत मोठं यंत्र आहे रे राजा. तू खट्ट म्हटल्याशिवाय कोणी हलणार नाही."

हे ऐकल्यावर बटणाची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं.

रोज संध्याकाळी अंगणात आमचा हा खेळ चालायचा. पण खरी खोली मात्र रडवायला लागली!

दुसऱ्याच दिवशी दुपारी बैठकीत पेपर वाचत होतो. नजर टाकीकडे गेली. पाणी थांबलेलं! धावत मागच्या खोलीत गेलो. खोलीत अंधार. बटण दाबलं आणि बघतो तर काय, पंप घुमतोय, पाणी फिरतंय, सगळं आलबेल! खाली मात्र फरशीवर तळं साचलेलं आणि हिच्या चपला त्यात होडीसारख्या तरंगतायत. पाणी थांबलं की वरचं थोडं पाणी खाली उतरतं, आणि मी खालची टाकी काठोकाठ भरून ठेवली होती!

"समुद्र टाकीत ठेवणार होतात ना?" चपला निथळत हिने विचारलं.

मी खालच्या टाकीतलं पाणी कमी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पाणी गार, फेसाची वाटी कोरडी. आत गेलो, बटण दाबलं, सगळं सुरू! तिसऱ्यांदा तसंच. मास्तर दारात दिसताच पाटीत डोकं घालणाऱ्या पोरांसारखी ती यंत्रं मला बघून शहाण्यासारखी वागायची!

मी पंपाच्या दुकानदाराला फोन केला. "अहो, तुमचा पंप लबाड आहे!"

"साहेब, पंप लबाड कसा असेल?"

"मी असलो की चालतो, नसलो की झोपतो!"

"म्हणजे पंप नाही साहेब, नोकरच झाला की हा!" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

वायरमनला बोलावलं. तो आत गेला, बटण दाबलं, यंत्रं सुरू. अर्धा तास त्याने पाइपांना कान लावून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाला, "सर, यंत्रांची तब्येत ठणठणीत आहे. तुमची कशी आहे?"

मी उंदरावर संशय घेतला, पालीवर घेतला, शेजारच्यांच्या पिठाच्या चक्कीवर घेतला. इकडे रविवार जवळ येत होता. भिंगरी दगडांशी बोलत बसायची. "मरू नका हं, चारच दिवस राहिलेत." हॉटेलवाल्याचा डॉक्टरांना परत फोन आला होता, असंही कानावर आलं.

आणि मग त्या संध्याकाळी अंगणात खेळ चालला होता. भिंगरी काल्पनिक पाणी वर नेतेय, चष्मिश काल्पनिक फेस गाळतोय, हीटर हातावर हात घासतोय. मला तहान लागली म्हणून मी खोली म्हणून आखलेल्या चौकोनाच्या बाहेर पडलो. त्यासरशी बटण ओरडलं, "खट्ट!" आणि सगळी पोरं पुतळ्यासारखी थांबली.

"अरे, थांबलात का?"

"आजोबा, तुम्ही खोलीतून बाहेर पडलात ना," बटण म्हणालं. "खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायचं असतं. तुम्हीच तर शिकवलंय!"

मंडळी, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मी पाणी न पिताच घरात धावलो आणि सगळ्यांना बैठकीत बोलावलं.

"मागच्या खोलीतून बाहेर पडताना बटण कोण बंद करतं?"

"मी," ही म्हणाली. "झाडू ठेवायला जाते, येताना बंद करते. लग्न झाल्यापासून तुम्ही तेच ओरडत आलात."

"मीही करतो, बाबा," मुलगा म्हणाला. "लहानपणी एकदा विसरलो होतो, तर पन्नास वेळा लिहायला लावलं होतंत."

"मीही, बाबा," सूनबाई हळूच म्हणाली. "या घरात आले तेव्हा सगळ्यांत आधी यांनी मला हेच सांगितलं."

दिवा बंद करायला सगळे तयार, आणि त्या एका बटणावर दिव्याबरोबर अख्खा समुद्र बंद! राग येत होता, पण खोटं कशाला बोलू, ऊरही भरून आला होता. शिकवण बघा! कुणी एकसुद्धा विसरलं नव्हतं!

"दिव्याचं बटण वेगळं करून घ्या ना," मुलगा म्हणाला.

"वायरी कशाला बदलायच्या? सवय बदलू!" मी म्हणालो. "माणूस शिकवता येतो. मी शिकवतो!"

मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली आणि बटणावर लावली. 'या बटणाला कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही.' सगळ्यांकडून पाठ करून घेतली. पोरांना तालासुरात म्हणायला लावली. ही म्हणेना, तर तिच्याकडून निदान मान हलवून घेतली. आणि गुण आला! त्यानंतर पाणी क्षणभर थांबलं नाही. दगडांवर गुलाबी ठिपके दिसायला लागले, फेसाची वाटी भरायला लागली. भिंगरी टाकीपुढे अक्षरशः नाचली.

रविवार उजाडला. डॉक्टर आले. हातात झाकणाची बादली, बादलीत पाण्याने भरलेली पिशवी आणि पिशवीत बोळकं! पोरं दारापासूनच ओरडली. डॉक्टरांनी ती पिशवी तशीच आमच्या टाकीत तरंगत सोडली.

"आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं उबदार होऊ दे. तोवर खोली बघतो."

मागच्या खोलीत त्यांनी पाण्यात बोट घातलं. पाइपावरून हात फिरवला. पंपाला कान लावला. फेसाची वाटी नाकाशी नेली आणि म्हणाले, "हं."

नुसतं हं! त्यात पास आहे की नापास, काही म्हणजे काही कळेना. मी घामाघूम.

"हा पंप डॉक्टर, पंप म्हणजे हृदय," मी सुरुवात केली. "आणि हा..."

"कळतंय, सर."

"हं," मी म्हणालो.

पोरांना बोळक्याच्या पिशवीवर पहारा करायला आतच ठेवलं आणि "या, या, चहा घेऊ," म्हणत मी डॉक्टरांना अदबीने पुढे घालून बैठकीत आणलं. आम्ही टाकीसमोर बसलो. काचेआड बोळक्याची पिशवी संथ तरंगत होती.

"बघा डॉक्टर," मी खुशीत म्हणालो, "आवाज ऐकू येतोय?"

डॉक्टरांनी कान दिला. "नाही."

"आहे का कुठे घरघर? खरखर?"

"काहीच नाही."

"याला म्हणतात मांडणी! एवढी यंत्रं चालू आहेत आणि टाचणी पडली तर ऐकू येईल!"

"फारच शांत आहे," डॉक्टर टाकीकडे रोखून बघत म्हणाले.

ही चहा घेऊन आली. "गाळणं कुठे गेलं कोण जाणे. आत्ता इथे होतं. फडक्यानं गाळलाय, सांभाळून घ्या."

डॉक्टरांनी घोट घेतला, जिभेवरची चहाची पत्ती बोटाने टिपली आणि तेवढ्यात टाकीच्या वरच्या बाजूने एक छोटा हात आला. हातात मग होता. मगातलं पाणी धबाककन टाकीत पडलं. हात गेला. परत आला. धबाक!

"सर, हा पंप?" डॉक्टरांनी विचारलं.

"अं... हो. हो!"

"पंपाच्या हाताला शाई लागली आहे."

मग दुसऱ्या बाजूने आमचं हरवलेलं गाळणं आलं आणि पाण्यावरून सरसर फिरायला लागलं. गाळण्याच्या मागोमाग चष्मा लावलेलं एक डोकं. मग पलीकडून काचेला कोणीतरी गाल चिकटवला. नाक चपटं, डोळे मिटलेले, आणि अंगावर हिची गादी!

"हा?"

"हा... हीटर असावा," मी म्हणालो.

डॉक्टर चहाचा कप तसाच ठेवून उठले. मी त्यांच्यामागे धावलो. मागच्या खोलीत नुसती धुमश्चक्री! पंप बंद, दिवा बंद. भिंगरी खालच्या टाकीतून मग भरून स्टुलावर चढतेय, पाणी ओततेय, उतरतेय. चष्मिश गाळण्याने नसलेला फेस काढतोय. एक जुळा गादी पांघरून काचेला मिठी मारून बसलाय. दुसरा जुळा पाटीखाली बटणाकडे बघत हात पाठीमागे घट्ट बांधून उभा आणि डोळ्यांत पाणी!

"अरे, हे काय चाललंय?"

"पाणी थांबलं, आजोबा!" भिंगरी धापा टाकत म्हणाली. "दगड मरतील! बोळकं गुदमरेल! आम्ही फिरवतोय ना!"

"पण बटण कोणी बंद केलं?" मी गरजलो. "कोणी? पुढे या!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी पाटीखालचा जुळा हुंदका देत म्हणाला, "तुम्ही."

"मी?"

"डॉक्टरकाकांना या या म्हणालात आणि जाता जाता खट्ट केलंत. आम्ही चौघांनी बघितलं."

"अरे गाढवांनो, मग परत चालू का नाही केलंत?"

चौघांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की गाढव नक्की कोण ते सांगायची गरज उरली नाही. मग तालासुरात म्हणाले, "या बटणाला कोणीही, केव्हाही, कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही!"

डॉक्टरांनी पुढे होऊन बटण दाबलं. दिवा लागला, पंप घुमला, पाणी फिरायला लागलं. भिंगरी मात्र थांबली नाही. तिने हातातला मग ओतला आणि मगच डॉक्टरांकडे वळली. फ्रॉक चिंब.

"आता बोळकं हॉटेलात जाणार?"

माझ्यात तर मान वर करायचीही हिंमत नव्हती. डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग जन्मात बोलले नसतील एवढं बोलले.

"मी एक प्रश्न विचारणार होतो. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तर काय कराल? त्या हॉटेलवाल्याला विचारला होता. तो म्हणाला, दुसरा मासा आणू." ते टाकीवर वाकले आणि त्यांनी पिशवीची गाठ सोडली. "याचं उत्तर मला न विचारताच मिळालं. खोली पास. पोरं पास. सर नापास."

बोळकं पिशवीतून बाहेर पडलं. दगडांभोवती एक चक्कर मारली, काचेपाशी आलं आणि बोळकं पसरलं! मंडळी, काय तो जल्लोष! पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, हीटर गादीसकट आडवा झाला, ही दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी आ वासून बघतच राहिलो. माझी पोरं! माझा समुद्र! बोळकं आमच्या घरात!

आणि माझा तो वासलेला आ तसाच असताना डॉक्टर एकदम जवळ आले, माझी हनुवटी वर केली आणि आत डोकावले.

"हं," ते म्हणाले. "डावीकडची मागची दाढ. काढावी लागेल. मंगळवारी या."

"आम्ही पण येणार!" चौघं एकदम ओरडली.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"तुम्ही रडलात तर," भिंगरी म्हणाली.

मी ठणकावून सांगितलं की मी मुळीच रडणार नाही आणि कोणी यायची गरज नाही. मंगळवारी चौघंही आली. खरं सांगू? बरं झालं आली.